वस्तादाची कुस्ती

महाराष्ट्र केसरीची गदा कोणी पटकावली, हे गावच्या पारावर कोणीही सांगेल. त्या मल्लाचा वस्ताद कोण, असे विचारले की मात्र निम्मे लोक गप्प होतात. गदा पेलणारा खांदा घडवणारा माणूस आखाड्याच्या कडेला उभा असतो आणि तिथेच राहतो.

७ जानेवारी २०२० रोजी बालेवाडीला अंतिम कुस्ती लागली ती हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके यांच्यात. दोघेही काका पवारांचे पठ्ठे. एकाच तालमीत घुमलेले, एकमेकांचे डाव ओळखून असलेले. अशा वेळी वस्तादाने कोणाची बाजू घ्यावी? सदगीरने ३-२ गुणांनी कुस्ती जिंकली आणि हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. वस्तादाचे मन राखले गेले. २०२३ च्या अंतिम कुस्तीतही समोरासमोर आले ते पवारांचेच दोन पठ्ठे, शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड.

काका पवार स्वतः नावाजलेले मल्ल. लातूर जिल्ह्यातून पुण्यात आले, हरिश्चंद्र बिराजदार यांच्या हाताखाली तयार झाले, 'अर्जुन' पुरस्काराचे मानकरी ठरले. पण लंगोट खुंटीला टांगल्यावर त्यांनी अंगावर घेतलेले काम अधिक अवघड होते. आपली ताकद आपल्याला कळते. दुसऱ्याच्या पोराची ताकद ओळखायला वेगळी नजर लागते. राहुल आवारे हा बिराजदारमामांचा पठ्ठा. २०११ मध्ये मामा गेले आणि पुढे त्याला पवारांनी घडवले. २०१८ मध्ये त्याने राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, तर २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. गुरूचे अर्धे राहिलेले काम शिष्याने पुढे नेले.

आता नगरकरांनी मनाला लावून घ्यावी अशी गोष्ट. सदगीर मूळचा अकोले तालुक्यातील कोंभाळण्याचा. पण तो नाशिकजवळच्या भगूरला शिकला, मग पुण्याला गेला आणि गदा जिंकली ती नाशिकचा मल्ल म्हणून. यात नाशिकची काही चूक नाही. जिथे वस्ताद, तिथे पठ्ठा.

२०२५ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर भरली. मांडव पडला, गर्दी उसळली, विजेत्याला मोटार मिळाली. असे सोहळे जरूर व्हावेत. पण मांडव उठतो, तालीम राहते. त्या तालमीत शिकवायला कोण आहे, हे कोणी विचारत नाही. तालुक्या-तालुक्यात निवृत्त मल्ल आहेत. त्यांतल्या शिकवण्याची हातोटी असलेल्यांना निवडून रीतसर प्रशिक्षण द्यावे, दरमहा पगार द्यावा. नुसती पदके मोजून नेमणूक करू नये, कारण उत्तम खेळाडू उत्तम शिक्षक असतोच असे नाही. त्याने किती पोरे घडवली, ते पाहावे.

एका मोटारीच्या किमतीत एखाद्या वस्तादाचे काही वर्षांचे मानधन सहज निघेल. मग अकोल्याच्या पोराला वस्ताद शोधत जिल्हा ओलांडावा लागणार नाही.