मैदानावरून खुर्चीत

चांगला खेळाडू चांगला कारभारी होतोच असं नाही. बास्केटबॉलमधला जो डुमार्सच बघा. डेट्रॉइट पिस्टन्सकडून तो १४ मोसम खेळला. १९८९ आणि १९९०ची विजेतेपदं मिळवली. २००० साली त्याच संघाचा कारभार हाती आला. ग्रँट हिलसारखा तारा संघ सोडून जाताना त्याने बदल्यात बेन वॉलेसला आणलं. या वॉलेसला १९९६च्या ड्राफ्टमध्ये कुणीच निवडलं नव्हतं! २००४च्या विजयात त्याचाच बचाव भक्कम ठरला. पण २००३ मध्ये याच डुमार्सने कार्मेलो अँथनीला सोडून डार्को मिलिचिच निवडला, आणि साफ चुकला.

मला वाटतं, स्वतःचा खेळ खुर्चीपर्यंत नेतो. तिथे बसल्यावर दुसऱ्याचा गुण ओळखावा लागतो. आपल्या मंडळाचा संपादक निवडतानाही हेच विचारूया: छान लिहितो, ठीक, पण दुसऱ्याचं वाचतो का?