शोभेची मिरची : आधी ओळख, मग हौस

मिरचीचे झाड कसे ओळखावे, हे वाशीमकडच्या शेतकऱ्याच्या घरी कोणी सांगावे? परसात वांग्याशेजारी चार मिरच्या लावण्याची आपली जुनी रीत. पण भगिनींनो, रोपवाटिकेत कुंडीतली एक ठेंगणी मिरची विकायला असते. एकाच झाडावर जांभळी, पिवळी, नारिंगी, लाल फळे, आणि बहुधा आभाळाकडे तोंड करून! हीच शोभेची मिरची. जात आपल्या मिरचीचीच.

मग ओळखीचा प्रश्न कशाला? तर तिच्यासारखे दिसणारे दुसरेही एक झाड शोभेसाठी लावतात. त्याचे नाव जेरुसलेम चेरी. दोघींचे कूळ एकच, वांगे-टोमॅटोचे. पण या चेरीची गोल, नारिंगी-लाल फळे विषारी असतात. लहान मुलाने खाल्ली तर पोटात दुखते, उलट्या होतात, गुंगी येते.

म्हणून फळ चाखून परीक्षा करू नका. सुरीने आडवे कापा. आत पोकळी, पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या बिया आणि मिरचीचा वास असला तर ती मिरची. छोट्या टोमॅटोसारखा रसाळ गर भरलेला असला, तर ती चेरी समजा. शंका राहिली तर कुंडी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. मुलाने फळ खाल्लेच, तर घरी उलटी काढत बसू नका. झाडाची फांदी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

शोभेची मिरची विषारी नाही, पण तिखट असते. फळे हाताळल्यावर साबणाने हात धुवा. तोच हात डोळ्याला लागला तर आग होते. विकत आणलेल्या झाडावर कीटकनाशक मारलेले असू शकते, म्हणून त्यावरची फळे भाजीत घालू नका. बी धरून घरीच वाढवलेल्या झाडाची खुशाल घाला.

आता निगा. आपली नुसती काळी माती कुंडीत पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग वाळू असे मिश्रण करा. कुंडीच्या बुडाला भोक हवेच. घरात ठेवायची तर पूर्वेच्या खिडकीत ठेवा. रोज चार-पाच तास ऊन मिळाले पाहिजे. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारचे ऊन टाळा. नाहीतर फुले गळतात. बोटाचे एक पेर माती कोरडी लागली, की मगच पाणी द्या.

घरात वारा नाही, मधमाशी नाही. म्हणून फुले आली की सकाळी फांदी हलकेच हलवावी. फळ चांगले धरते. फळे सुकली म्हणून झाड उकिरड्यावर टाकू नका. शेंडे छाटा, थोडे शेणखत द्या, पुन्हा फुटते.

एक मात्र विसरू नका. पाने आकसून चुरडामुरडा दिसला, तर ती कुंडी मिरचीच्या रोपवाफ्याजवळ नेऊ नका. पांढरी माशी आणि फुलकिडे कुंडी आणि वाफा असा भेद करत नाहीत. पानांच्या खालच्या बाजूने पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. त्यानेही नवी पाने आकसलेलीच आली, तर झाड उपटून जाळा.

हौसेला मोल नाही म्हणतात. पण चार आण्यांच्या हौसेपायी लेकराचा जीव किंवा मिरचीचा वाफा धोक्यात घालू नये, एवढेच सांगणे.