एम.सी. म्हंजे काय शे, माय?



मिरचीचे देठ खुडायला गेलेली बाई सोबतिणीला हळूच सांगते, "मी एम.सी.त आहे." दोंडाईच्यातल्या शाळेतल्या पोरीही तेच म्हणतात. मेडिकलवाला पुडकं कागदात गुंडाळून देतो. पूर्वी कावळा शिवायचा, बाई 'बाहेरची' व्हायची. आता इंग्रजी अक्षरं आली. मेन्स्ट्रुअल सायकल, म्हणजे आपली मासिक पाळी. पण पोरीने अर्थ विचारला, की माय म्हणते, "गप बैस."

ही अक्षरं नुसती लाज झाकत नाहीत, विटाळ झाकतात. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात, कोणाला शिवल्यावर आंघोळ करावी ते सांगितलं आहे. तिथे चांडाळ, रजस्वला आणि बाळंतीण एकाच ओळीत बसवल्या आहेत! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या उपस्थितीत ते पुस्तक जाळलं गेलं. तरी आपल्याच काही घरांत पाळीच्या दिवशी मुलीला वंदनेला बसू देत नाहीत. भगवान बुद्धांना कसला आला विटाळ? खोली भाड्याने बघायला गेल्यावर घरमालक आवाज खाली करून "तुम्ही बी.सी. का?" म्हणतो, तेव्हा मात्र आपल्याला झोंबतं. बॅकवर्ड क्लासची ती अक्षरं. तोही जुना विटाळच इंग्रजीत विचारत असतो.

खरं नुकसान दवाखान्यात होतं. बाई सांगते, "एम.सी.चा त्रास आहे." कोणता त्रास? रक्त जास्त जातं, पाळी चुकते, की अंगावरून पांढरं जातं? शेजारी सासू बसलेली. चार गोळ्या घेऊन बाई परत येते. मोठ्या बाईला पाळी साधारण २१ ते ३५ दिवसांनी येते आणि दोन ते सात दिवस राहते. त्याहून जास्त दिवस रक्त गेलं, तासा-दोन तासाला कपडा पूर्ण भिजला, किंवा पाळी गेल्यावर वर्षाने पुन्हा रक्त दिसलं, तर डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. कॅलेंडरवर तारखेला खूण करा. घरातल्या पुरुषांना दिसली तर दिसू द्या. कपडा वापरत असाल तर साबणाने धुऊन उन्हात वाळवा, साडीखाली लपवून नको.

मुलीला पाळी येण्याआधीच, दहाव्या-अकराव्या वर्षी, सगळं नीट सांगून ठेवा. आणि बाप मेडिकलमध्ये गेला, तर पुडक्याला कागद नको म्हणून त्यानेच दुकानदाराला सांगावं.