प्रोसेसर येईपर्यंत

सखीरच्या विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकणारा एक मुलगा शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येतो. वडील निवृत्त होऊन चिपळूणला परतले, हा शेवटचं वर्ष पुरं करायला बहारीनमध्ये मागे राहिला. गेल्या शुक्रवारी हात धुऊन आला आणि बसायच्या आधीच त्याने विचारलं, "काका, थांबू की दुसऱ्या कंपनीचा घेऊ?"

प्रश्न प्रोसेसरचा होता. सुट्टीत काम करून साठवलेल्या दिनारांतून तो स्वतः कॉम्प्युटर जोडतो आहे. कॅबिनेट, पॉवर सप्लाय, रॅम, एसएसडी सगळं आणून पलंगाखाली रचून ठेवलंय. अडलंय ते एका प्रोसेसरपाशी. जाहीर झालेली तारीख दोनदा पुढे गेली, आणि प्रोसेसर ठरत नाही तोवर मदरबोर्डही घेता येत नाही, कारण एका कंपनीचा प्रोसेसर दुसरीच्या सॉकेटमध्ये बसत नाही.

मधल्या काळात त्याचा प्रोजेक्ट सहा वर्षांच्या जुन्या लॅपटॉपवर चाललाय. मी त्याच्या खोलीवर जाऊन पाहिलंय. लॅपटॉपखाली हवा खेळावी म्हणून दोन जाड पुस्तकं सरकवलेली, आणि टेबलफॅन त्याच्याकडे नाही, लॅपटॉपकडे वळवलेला. वाऱ्याच्या प्रवाहाचं एक गणित सोडवायला अकरा तास लागतात. नवव्या तासाला आकडे भरकटले की पुन्हा पहिल्यापासून. वाळवंटातली बारीक धूळ लॅपटॉपच्या पंख्यात जाऊन बसते आणि पंखा दमेकऱ्यासारखा घरघरतो. मुलगा त्या आवाजावर झोपतो आणि आवाज बदलला की जागा होतो.

मी त्याला म्हटलं, "उद्याच घे." एवढ्यावर त्याचं समाधान होणार नव्हतं, आणि व्हायलाही नको. म्हणून पुण्याची गोष्ट सांगितली.

१९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली. अमेरिकेने आपल्याला हवा तसा क्रे महासंगणक दिला नव्हता. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या हाती तो देशातच बनवायचं काम आलं ते तीन वर्षांच्या मुदतीसह आणि तीस कोटी रुपयांसह. एकच अजस्र प्रोसेसर मिळणार नव्हता, म्हणून पुष्कळ छोटे प्रोसेसर एकत्र जुंपायचं ठरलं. त्यासाठी ब्रिटनमधल्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर निवडले. प्रत्येक ट्रान्सप्युटरला चार दुवे, त्यामुळे तो चार शेजाऱ्यांशी थेट बोलू शकतो. १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला.

त्याच साली इनमॉसने पुढचा ट्रान्सप्युटर जाहीर केला, टी-९०००. आधीच्यापेक्षा दहापट वेग मिळेल, असं सांगितलं गेलं. जगभरातल्या ज्यांनी ज्यांनी ट्रान्सप्युटरवर यंत्रं उभी केली होती, ते सगळे त्या तारखेकडे डोळे लावून बसले. जर्मनीतल्या पार्सिटेकने तर आपलं नवं मोठं यंत्र त्याच्याच भरवशावर आखलं होतं. टी-९००० रखडत राहिला आणि ठरलेला वेग त्याला अखेरपर्यंत गाठता आला नाही. पार्सिटेकने आधी जुन्याच ट्रान्सप्युटरवर भागवलं आणि मग पॉवरपीसीची वाट धरली.

पुण्यात पुढच्या परम ८६०० मध्ये इंटेलचा आय-८६० बसला. यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की ट्रान्सप्युटर काढून टाकले नाहीत. आकडेमोड आय-८६०ने करायची आणि निरोपांची ने-आण ट्रान्सप्युटरने. प्रत्येकाला जे जमतं तेच त्याच्याकडे दिलं. परम ९००० स्पार्ककडे वळला आणि १९९८चा परम १०००० सनच्या अल्ट्रास्पार्कवर चालला. दहा वर्षांत एवढे प्रोसेसर बदलले, नाव मात्र परमच राहिलं. गणेशखिंडीत बसून ज्यांनी हे केलं, त्यांचा जीव हवामानाच्या आणि भूगर्भाच्या गणितांत अडकलेला होता, एका चिपमध्ये नव्हता. हे मी फार आदराने लिहितोय.

मुलगा हुशार आहे. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मग होंडाचं काय, काका?"

सखीरला राहणाऱ्याच्या तोंडी हे उदाहरण येणारच. फॉर्म्युला वनच्या गाड्या धावायला लागल्या आणि वारा तिकडचा असला की सर्किटचा आवाज त्याच्या खोलीपर्यंत येतो. मॅक्लारेनने होंडाचं इंजिन सुधारेल म्हणून तीन हंगाम काढले. एप्रिल २०१७ मध्ये इथेच सखीरला त्यांची एक गाडी शर्यत सुरूच करू शकली नाही, दुसरी शेवटापर्यंत पोचली नाही. त्या सप्टेंबरात त्यांनी होंडाला सोडून रेनोचं इंजिन घ्यायचं ठरवलं. होंडा टोरो रोसोकडे गेलं. आणि एप्रिल २०१८ मध्ये याच सर्किटवर पिएर गॅस्ली टोरो रोसो-होंडा घेऊन चौथा आला. मॅक्लारेनच्या गाड्या सातव्या आणि आठव्या. २०२१ मध्ये मॅक्स वर्स्टापेन होंडाच्याच इंजिनावर जगज्जेता झाला. थांबणारे जिंकले की!

जिंकले, पण कसे थांबले ते बघायला हवं. रेड बुलचे दोन संघ होते. २०१८ मध्ये त्यांनी होंडा धाकट्या संघात, म्हणजे टोरो रोसोत, बसवून पारखलं आणि थोरला संघ रेनोवर धावत ठेवला. इंजिनावर विश्वास बसला तेव्हा, २०१९ मध्ये, ते थोरल्या गाडीत आणलं. धीर धरायला त्यांच्याकडे दुसरी धावती गाडी होती. मॅक्लारेनचा संघ एकच. "तुझ्याकडे लॅपटॉप किती?" मी विचारलं. तो काही बोलला नाही.

उशीर म्हटला की तो सारखाच, असंही मी मानत नाही. इंटेलचा दहा नॅनोमीटरचा प्रोसेसर २०१६ मध्ये यायचा होता, आणि मोठ्या संख्येने बनायला २०१९ उजाडलं. तेवढ्यात मार्च २०१७ मध्ये एएमडीचा रायझन बाजारात आला होता; आठ कोरचा सर्वांत वरचा ४९९ डॉलरला, म्हणजे आपल्या हिशेबाने १८८ दिनार. याउलट जुलै २०२४ मध्ये एएमडीनेच रायझन ९००० तपासणीसाठी मागे घेतला, ऑगस्टच्या ८ आणि १५ या तारखा दिल्या आणि त्या पाळल्या. अशा दोन आठवड्यांना माझी काहीच हरकत नसती. या मुलाच्या वाट्याला आलेल्या तिसऱ्या तारखेपुढे मात्र फक्त "लवकरच" एवढा शब्द होता, आणि प्रोजेक्ट द्यायचा होता महिनाअखेरच्या गुरुवारी.

"आणि घेतल्यावर आठ दिवसांत तो आला तर?" त्याने शेवटचं विचारलं.

"तर तू आठ दिवस काम केलेलं असेल."

शनिवारी आम्ही मनामात गेलो. मदरबोर्ड आणि दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर घेतला. पलंगाखालची रॅम आणि एसएसडी त्याला जशीच्या तशी चालणार होती. संध्याकाळी त्याच्या खोलीत जोडायला बसलो. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला चिमुकला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवायचा आणि चिप नुसती ठेवायची, अजिबात दाबायची नाही. मग खटका खाली ओढायचा. तो ओढताना करकर असा आवाज येतो, नेहमी येतो, आणि पहिल्यांदा जोडणाऱ्याचा हात तिथे थबकतो. त्याचाही थबकला. "ओढ," मी म्हटलं. वरचं काळं प्लॅस्टिक टपकन उडून गादीवर पडलं. वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट, कूलर, चार स्क्रू.

रात्री साडेआठला त्याने तेच अकरा तासांचं गणित लावलं. काकूंनी दिलेला डबा आम्ही तिथेच खाल्ला. सव्वादहाच्या आत रेघ शेवटाला टेकली. आकडे भरकटले नव्हते. त्याने ते दोनदा तपासले आणि दुसरं गणित लावलं. मग उठून पुस्तकांवरचा लॅपटॉप बंद केला आणि टेबलफॅनचं तोंड पलंगाकडे वळवलं.