मानधन कुणाला, वेतन कुणाला?



आमदारांच्या पगाराचा विषय निघाला की आपल्या बैठकीत आवाज चढतात. ‘यांना कशाला हवाय पगार? यांना काय कमी आहे?’ असं कुणीतरी हमखास म्हणतंच. हा राग खोटा नाही. पण त्यातून निघणारी मागणी, म्हणजे लोकप्रतिनिधींना पगारच देऊ नका ही, मला मान्य नाही. जालना जिल्ह्यात ग्रामपंचायतींवर निवडून आलेल्या बायकांबरोबर काम करताना माझं हे मत पक्कं होत गेलं आहे. म्हणून या अंकात ते मांडते आहे.

आधी राग कशाचा ते पाहू. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. आपल्या जिल्ह्यातही बायका टँकरच्या रांगेत उभ्या होत्या. त्याच वर्षी ५ ऑगस्टला, पावसाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, आमदारांचं वेतन आणि भत्ते सुमारे ७५ हजारांवरून सुमारे १ लाख ७० हजारांवर नेणारं विधेयक विधिमंडळात चर्चेविना मंजूर झालं. माजी आमदारांचं निवृत्तिवेतन ४० हजारांचं ५० हजार झालं. पाच वर्षांपेक्षा जास्त काळ सभागृहात काढला असेल, तर वरच्या प्रत्येक वर्षासाठी आणखी दोन हजार. शिवाय आमदारांचं वेतन प्रधान सचिवांच्या मूळ वेतनाशी जोडलं गेलं. म्हणजे सचिवांचं वेतन वाढलं की यांचंही आपोआप वाढणार. निवेदन नको, मोर्चा नको.

त्या वर्षी संजय गांधी निराधार योजनेत विधवेला, परित्यक्तेला महिन्याला ६०० रुपये मिळत होते. अंगणवाडी सेविकेला ५ हजार, मदतनिसाला अडीच हजार. पुढच्या वर्षी, २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, अंगणवाडीतल्या बायकांनी २६ दिवस संप केला तेव्हा कुठे सेविकेचे साडेसहा हजार आणि मदतनिसाचे साडेतीन हजार झाले. मार्च २०१८ मध्ये सरकारनं त्यांना ‘मेस्मा’ लावला. विधानसभेत गदारोळ झाल्यावर तो मागे घेतला. २०२३ च्या डिसेंबरात त्याच बायकांना पुन्हा संपावर जावं लागलं, या वेळी ५२ दिवस. गंमत अशी, की यांचं काम ‘अत्यावश्यक सेवा’ आहे हे मेस्मा लावताना सरकारला आठवतं. पगार ठरवताना मात्र त्या ‘मानसेवी’ होतात.

हे शब्द जरा लक्ष देऊन ऐकायला हवेत. आमदाराला ‘वेतन’ मिळतं, ‘निवृत्तिवेतन’ मिळतं. अंगणवाडी सेविकेला ‘मानधन’, आशाताईला कामागणिक ‘मोबदला’, निराधार बाईला ‘अनुदान’. २०२४ पासून दीड हजार रुपये मिळू लागले, त्यांना तर भाषणांमधून ‘ओवाळणी’च म्हटलं गेलं! एकाच तिजोरीतले पैसे, पण वर गेले की हक्क आणि खाली आले की उपकार. निराधार योजनेतल्या बाईला आपलं कौटुंबिक उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत आहे हे सिद्ध करावं लागतं. माजी आमदाराच्या निवृत्तिवेतनाला अशी कुठलीही उत्पन्नमर्यादा नाही. मग त्याचा साखर कारखाना असो की कॉलेज.

तरीही मी पगार नको असं म्हणत नाही. इंग्लंडमध्ये १८३८ साली चार्टिस्ट चळवळीतल्या कामगारांनी सहा मागण्या केल्या, त्यांतली एक होती खासदारांना वेतन देण्याची. बिनपगारी खासदारकी फक्त जमीनदारांनाच परवडते, हे त्यांना कळलं होतं. ती मागणी मान्य व्हायला १९११ साल उजाडलं. आपल्याकडेही राजकारण बिनपगारी झालं, तर ते कुणाच्या हाती राहील हे वेगळं सांगायला नको. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी २१ बायका निवडून आल्या. आपल्या जिल्ह्यातल्या पाचही जागांवर पुरुषच आहेत. कष्टकरी घरातली बाई तिथवर पोचावी असं वाटत असेल, तर तिच्या कामाला दाम हवाच.

आणि तो सगळ्यात कमी मिळतो तिथेच, जिथे बायका सगळ्यात जास्त आहेत. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींमध्ये निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावच्या सरपंचाला २०२४ च्या सप्टेंबरपर्यंत महिना ३ हजार रुपये मानधन होतं. तेव्हा ते ६ हजार करण्याचा निर्णय झाला. त्यातलाही काही वाटा ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातून द्यायचा. घरपट्टी वसूल झाली नाही, तर तो वाटा अडकतो. सदस्य बाईला तर नुसता बैठक भत्ता.

मंठा तालुक्यातल्या एका सरपंच ताईंनी शिबिरात आपला हिशेब मांडला होता. घरकुलाची यादी, रोजगार हमीचं हजेरीपत्रक, टँकरचा प्रस्ताव. एकेका कामासाठी पंचायत समितीत तीन-तीन खेपा. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, हा मोठाच दिलासा. पण त्यांच्या गावाला एसटी वेळेवर येत नाही, म्हणून काळीपिवळी. साहेब जागेवर नसले की खेप वाया. कापूस वेचणीच्या दिवसांत तेवढी मजुरीही बुडते. हे पैसे कुठल्या भत्त्यात लिहायचे, असं त्यांनी विचारलं तेव्हा आम्ही सगळ्याच गप्प झालो. (एसटीत आमदारांसाठी राखीव आसन असतं. त्यावर बसलेला आमदार मला अजून दिसायचाय.) त्याच शिबिरात दुसरी एक जण हळूच म्हणाली, मानधन खात्यावर येतं खरं, पण पासबुक मालकांकडे असतं. हेही आपल्याच हिशेबात धरायला हवं.

‘करदात्यांचा पैसा’ असं म्हटलं की डोळ्यांपुढे प्राप्तिकर भरणारा नोकरदार येतो. पण साबण, चहापत्ती, मोबाइलचा रिचार्ज, यांवरचा कर मोंढ्यात हमाली करणाऱ्याची बायकोही भरते. जुलै २०१७ ते जुलै २०१८ या काळात आपण सॅनिटरी नॅपकिनवरही १२ टक्के कर भरत होतो. तेव्हा हिशेब विचारायचा अधिकार आपला आहेच.

राज्यघटनेच्या १९५ व्या कलमानं आमदारांचं वेतन ठरवण्याचा अधिकार विधिमंडळालाच दिला आहे. माजी खासदारांच्या निवृत्तिवेतनाला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये फेटाळली, तीही हा विषय संसदेचा आहे असं म्हणूनच. म्हणजे कोर्टाकडे पाहून चालणार नाही, दबाव राजकीयच आणावा लागेल. पंजाबनं २०२२ मध्ये ‘एक आमदार, एक पेन्शन’ असा कायदा केला. इंग्लंडमध्ये २००९ च्या भत्ते-घोटाळ्यानंतर स्वतंत्र प्राधिकरण नेमलं गेलं. आज तिथल्या खासदारांचं वेतन तेच ठरवतं आणि कुणी प्रवासावर किती खर्च केला तेही जाहीर करतं. हे आपल्याकडे का होऊ नये? आणि आमदारांचं वेतन सचिवांच्या वेतनाशी जोडता येतं, तर सरपंच, सेविका, मदतनीस यांचं निदान किमान वेतनाशी जोडायला काय हरकत आहे?

आपल्या गटातल्या ज्या बायका ग्रामपंचायतीत आहेत, त्यांनी येत्या तीन महिन्यांत एक वही ठेवावी. कुठे गेलो, कशासाठी, किती भाडं लागलं, किती मजुरी बुडाली, मानधन कोणत्या तारखेला जमा झालं, एवढंच लिहायचं. लिहिता येत नसेल तर गटातल्या मुलीकडून लिहून घ्या. वह्या पुढच्या अंकाआधी आमच्याकडे पोचवा. जिल्ह्यातल्या पाचही आमदारांना भेटायला जाताना त्या आपल्याला बरोबर न्यायच्या आहेत.