निजलेल्या भुईचाफ्याला उठवू नका



मागे एका वाचक भगिनीने विचारले होते, "काश्मीरला पाहिलेला पिओनी आपल्याकडे कुंडीत येईल का हो?" मोह मलाही पडला होता! पण हिमालयातला हा पिओनी रानातल्या अर्ध्या सावलीत वाढतो आणि त्याच्या कळ्यांना कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. आमच्या छत्रपती संभाजीनगरात डिसेंबरातही दुपारी पारा २८-३० अंशांवर असतो. तेव्हा तो नाद सोडलेला बरा.

पण असेच रानातले, सावलीतले, थंडीत मातीखाली झोपणारे एक फूल आपल्याकडे आहे. ते म्हणजे भुईचाफा. हा हळद-आल्याच्या कुळातला. ऐन उन्हाळ्यात पानांच्या आधी, थेट मातीतून पांढरी-जांभळी सुवासिक फुले वर येतात. फूल टिकते जेमतेम दिवसभर, पण त्याच्या शेजारी दुसरे उमलते.

माझ्या आईने कोकणातून तीन गड्डे दिले होते. ते तीन कुंड्यांत लावले. पावसाळाभर पाने कशी टवटवीत! मार्गशीर्षात ती पिवळी पडली. मला वाटले, पाणी कमी पडतेय. शाळेतून आले की आधी दोन कुंड्यांना तांब्याभर पाणी, वर खतही. महिन्याने उकरून पाहते तो दोन्ही गड्डे कुजलेले! आईला काय तोंड दाखवू, म्हणून गप्पच राहिले. तिसरी कुंडी सासूबाईंनी आधीच जिन्याखाली सरकवली होती. म्हणाल्या, "दमून निजलेल्याला कुणी उठवतं का? राहू दे तसाच." चैत्रात त्याच कोरड्या कुंडीतून जांभळे टोक वर आले. मग मात्र आईला सगळे खरे सांगितले. ती हसून म्हणाली, "अगं, माझाही पहिला असाच गेला होता!"

तर लावायचा कसा? फाल्गुनात, कोंब येण्याआधी, डोळा असलेला गड्डा घ्या. दोन भाग लाल माती, एक भाग वाळू आणि एक भाग कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत असे मिश्रण करा. आपली नुसती काळी माती नको, तिच्यात पाणी साचते. कुंडीच्या तळाला भोक हवेच. गड्डा दोन बोटे खोल लावा. कोवळे ऊन सकाळचे मिळावे, दुपारी मात्र सावली हवी. कोंब दिसेपर्यंत माती नुसती ओलसर ठेवा. पाने आली की पाणी वाढवा. पाने पिवळी पडू लागली की हळूहळू कमी करून बंद करा. दोन-तीन वर्षांनी फाल्गुनातच गड्डे वेगळे करून शेजारणीला द्या.

आणि हो, हिवाळ्यात कुंडी रिकामी दिसते म्हणून तिच्यात कोथिंबीर पेरू नका हं! मी तर कुंडीवर खडूने लिहूनच ठेवते, 'झोपला आहे.'