चूक कारकुनाची की पडद्याची?

११ ऑगस्ट २०२० रोजी सिटीबँकेला रेव्हलॉन या अमेरिकन प्रसाधन कंपनीच्या धनकोंना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज द्यावयाचे होते. प्रत्यक्षात मुद्दलासकट सुमारे ९० कोटी डॉलर बँकेबाहेर गेले. यात कोणाची अफरातफर नव्हती. मूळ मुंबईतील कंपनीने घडविलेल्या व पुढे ऑरॅकलकडे गेलेल्या फ्लेक्सक्यूब या संगणकप्रणालीत मुद्दल बँकेतच रोखून धरावयाचे, तर पडद्यावरील तीन निरनिराळ्या रकान्यांत खूण करावी लागे. नोंद करणाऱ्याने एकाच रकान्यात केली आणि तपासणाऱ्या दोघांनाही ती पुरेशी वाटली. पैसे बँकेबाहेर जातील, असा इशारा प्रणालीने दिला खरा. परंतु किती, हे सांगितले नाही. व्याज तर बाहेर जावयाचेच होते! सुमारे ५० कोटी डॉलर धनकोंनी परत केले नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांचीच बाजू उचलून धरली. सप्टेंबर २०२२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरविला, तेव्हा कोठे बँकेचा जीव भांड्यात पडला.

एकाच ठिकाणी तीन माणसे एकाच प्रकारे ठेचकाळत असतील, तर दोष पायांचा नव्हे, वाटेचा मानावयास हवा. जेथे जाणत्यांची ही गत, तेथे नवख्याची काय कथा? परंतु आपल्याकडील रीत अशी की, प्रणाली निर्दोष आणि कारकून अडाणी. अर्ज अडला, पगारपत्रक चुकले, की खुलासा मागितला जातो तो टेबलाशी बसलेल्या माणसाकडून.

सुगम प्रणाली अशक्य असती, तर ही तक्रार व्यर्थ ठरली असती. परंतु १९८६ मध्ये सुरू झालेल्या बंगळूरच्या टॅली कंपनीची लेखाप्रणाली आज गावोगावच्या पेढ्यांत पोहोचली आहे. पेमेंट, रिसीट, जर्नल ही व्हाउचरांची नावे तिने जमाखर्च लिहिणाऱ्यांच्याच बोलीतून घेतली. हिशेब जाणणाऱ्याला तेथे नवी परिभाषा घोकावी लागत नाही. सुगमता म्हणजे रंगरंगोटी नव्हे. कामाची भाषा आणि पडद्याची भाषा एक असणे, हेच तिचे मर्म होय.

मग हा धडा सर्वत्र का गिरविला जात नाही? याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. स्वतःसाठी चप्पल घेणारा ती पायात घालून पाहतो. कचेरीची प्रणाली निवडतो वरिष्ठ अधिकारी. ती दिवसभर वापरतो कनिष्ठ कर्मचारी. निवडणारा पाहतो किंमत आणि सोयींची लांबलचक यादी. वापरणाऱ्याचे वाया गेलेले तास कोणत्याच निविदेत नोंदले जात नाहीत. जो खर्च ग्राहकाला दिसत नाही, तो कमी करण्याची निकड उत्पादकाला भासत नाही.

यावर ‘प्रशिक्षण द्या’ हा ठरलेला तोडगा पुढे केला जातो. प्रशिक्षण हवेच. परंतु बदलीच्या नोकरीत प्रत्येकजण काही वर्षांनी पुन्हा नवखा होतो. पडदा एकदाच दुरुस्त करावा लागतो. माणसे मात्र पुनःपुन्हा शिकवावी लागतात.

उपाय फारसा खर्चिक नाही. खरेदीपूर्वी, ती प्रणाली कधीही न पाहिलेल्या चार-पाच कर्मचाऱ्यांना तिच्यापुढे बसवावे, त्यांच्या रोजच्या कामांपैकी तीन कामे द्यावीत आणि विक्रेत्याने त्या वेळी मौन पाळावे. ते जेथे अडखळतील ती जागा दुरुस्त झाल्याखेरीज देयक मंजूर होऊ नये. ठरावीक वापरकर्त्यांना ठरावीक काम परिणामकारकपणे, कार्यक्षमतेने व समाधानाने करता येणे, अशी सुगमतेची व्याख्या ९२४१ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकात आहेच. ती निविदेत उतरविण्यास अडचण कसली? हे घडेपर्यंत निदान एवढा न्याय व्हावा: चूक झाली, की कारकुनाचा खुलासा मागण्याआधी वरिष्ठांनी स्वतः त्या पडद्यापुढे बसून ते काम एकदा करून पाहावे.